रबराची जागा

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, वाळूच्या टेकड्यांचा साठ-पासष्ट किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. सरकारी नकाशात त्याचं नाव इंपीरियल सँड ड्यून्स. तिथं जाणारे मात्र त्याला ग्लॅमिस म्हणतात. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली की ही ओसाड जागा जत्रेसारखी फुलते. तंबू पडतात, शेकोट्या पेटतात आणि चार फुगीर टायरांवर बसलेल्या, हँडलनं वळणाऱ्या गाड्यांचा गोंगाट रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. आपल्याकडे नागाव किंवा काशिदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारी ‘एटीव्ही’ ती हीच. नागावची गाडी बिचारी दिवसभर पोराटोरांना घेऊन रमतगमत फिरते. ग्लॅमिसची तिची बहीण सरळ रेषेत धावून दुसरीला हरवायला आलेली असते.

वाळूतली ड्रॅग शर्यत साधारण तीनशे फुटांची, म्हणजे जेमतेम ९१ मीटरची. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि चांगली तयार केलेली गाडी चार-पाच सेकंदांत पलीकडे पोचते. मागच्या टायरांवर वल्ह्यांसारख्या उभ्या रबरी पट्ट्या असतात. त्या वाळू मागं फेकतात आणि गाडी पुढं झेपावते. एवढ्याशा वेळासाठी माणसं काय काय करतात ते पाहिलं की हौसेला मोल नसतं हे पटतं. मागची चाकं धरणारा स्विंगआर्म लांबवतात, पेट्रोल सोडून मिथेनॉल भरतात, एकेक ग्रॅम वजन छाटतात. आणि इंजिन व चौकट यांच्यामध्ये कारखान्यानं बसवलेले रबरी बुश काढून तिथं अॅल्युमिनियमचे ठोकळे घालतात. या सगळ्या उचापतींत सर्वांत स्वस्त हीच असावी, पण वाद हिच्यावर भरपूर होतो. इंजिन रबरावर टांगावं की चौकटीला घट्ट आवळावं?

ड्रॅगच्या गाडीपुरतं बोलायचं तर आवळावं, हे स्पष्टच सांगायला हवं. मात्र ते का, याचं जे कारण सर्रास सांगितलं जातं ते चुकीचं आहे. आणि चुकीच्या कारणानं घेतलेला बरोबर निर्णय दुसऱ्या गाडीवर गेला की अंगाशी येतो.

वाळूवरच्या या खेळात एका गाडीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. यामाहा बॅन्शी. १९८७ साली आलेली आणि अमेरिकेत २००६पर्यंत विकली गेलेली ही क्वाड, म्हणजे चारचाकी एटीव्ही. तिच्या पोटात ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. पुण्या-कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना यातले आकडे ओळखीचे वाटतील. बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४ मिलिमीटर. एस्कॉर्ट्‌सनं १९८३पासून भारतात बनवलेल्या राजदूत ३५०चं मापही हेच. बॅन्शीचं इंजिन यामाहाच्या आरडी ३५० एलसी घराण्यातलं, आणि आपली राजदूत त्याच्या आधीच्या, हवेनं थंड होणाऱ्या पिढीतली. म्हणजे ग्लॅमिसच्या वाळूत किंचाळणारी ती गाडी आणि एखाद्याच्या वाड्यात ताडपत्रीखाली जपलेली आरडी यांचं नातं चुलत बहिणींचं आहे. गंमत अशी की थोरल्या घरात इंजिन चौकटीला सरळ बोल्टनं बांधलेलं होतं. रबर आलं ते धाकट्यात.

रबर का आलं असेल? या इंजिनात एक पिस्टन वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. दोघांचे धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात, पण पिस्टन एकाच जागी नसून शेजारीशेजारी आहेत. त्यामुळं इंजिनाची डावी बाजू वर ढकलली जाते तेव्हा उजवी खाली, पुढच्या क्षणी उलट. मुलांच्या सी-सॉसारखा हा झोका मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला दीडशे वेळा बसतो. त्या वेगाला वरच्या टोकाशी पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तीन हजार पट असतं. पिस्टन आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारे भाग पाव किलोचे धरले तरी जोर सातशे किलोच्या घरात जातो. फेऱ्या तिप्पट झाल्या की हा जोर नऊपट होतो, हा हिशेब फार लोक विसरतात. सेकंदाला दीडशे वेळा एवढा झोका सोसणाऱ्या चौकटीवर माणूस बसणार असेल, तर मध्ये काहीतरी मऊ घालावं असं कुठल्याही शहाण्या अभियंत्याला वाटेल.

रबराचा स्वभाव समजायला ग्लॅमिसला जायची गरज नाही. सिग्नलला उभी असलेली रिक्षा पाहावी. इंजिन मंद चालू असतं तेव्हा आरशातलं चित्र थरथरतं, मागच्या प्रवाशाचे दात वाजतात. रिक्षा सुटली की तेच इंजिन गप्प झाल्यासारखं वाटतं. एसटीच्या लाल डब्याच्या काचाही स्टँडवर जास्त खडखडतात. रबरावर बसवलेल्या प्रत्येक इंजिनाची झुलण्याची स्वतःची एक गती असते. धक्क्यांची गती तिच्या जवळपास असली की रबर हादरा कमी करण्याऐवजी वाढवतं. त्या गतीच्या साधारण १.४ पटीच्या वर गेलं की मगच ते हादरा अडवायला लागतं. मंद चालीत जोर थोडा आणि झुलणं फार. वेगात जोर प्रचंड, पण चौकटीपर्यंत पोचणारा हादरा कमी.

मग शर्यतवाला हे रबर उपटून का टाकतो? ‘पॉवर वाढते’, हे नेहमीचं उत्तर. ते खरं नाही. ठोकळे बदलल्यानं सिलिंडरमध्ये एक थेंबही जास्त इंधन जळत नाही. रबर दाबायला शक्ती लागते, पण ती इतकी थोडी की तिच्यासाठी कुणी पाना हातात घेऊ नये. खरी भानगड साखळीची आहे.

क्वाडमध्ये इंजिन पुढं आणि मागचा आख स्विंगआर्मवर. स्विंगआर्म चौकटीला बांधलेला, इंजिन रबरावर. या दोघांना जोडते ती साखळी. पुढच्या चौदा दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर. त्या शाफ्टवर गिअरमधून २०० न्यूटन-मीटरचा पीळ आला, आणि शर्यतीच्या इंजिनाला ते काही अवघड नाही, तर साखळीवर साडेपाचशे किलोहून अधिक ओढ बसते. ही ओढ इंजिनाच्या मध्यभागी नसते, डाव्या कडेला असते. म्हणजे इंजिन नुसतं मागं खेचलं जात नाही, ते थोडं फिरतंही. डावी बाजू मागं, उजवी जिथल्या तिथं. रबर दोन-तीन मिलिमीटर जरी दबलं तरी पुढचं स्प्रॉकेट मागच्याशी सरळ रेषेत राहत नाही आणि साखळी तिरकी चालते. वर गिअर बदलताना प्रत्येक वेळी ओढ क्षणभर सुटते आणि पुन्हा बसते. इंजिन पुढं उसळतं, मागं आपटतं. मध्येच साखळी ढिली पडून दातांवरून उडी मारते किंवा तुटते. चार सेकंदांच्या शर्यतीत हे एकदा झालं तरी खेळ संपला. आणि तुटलेली साखळी कुठं जाऊन लागेल, हे स्वाराच्या पोटरीला विचारावं.

ठोकळ्यांचा फायदा हा असा आहे. साखळीची दोन्ही टोकं एकमेकांच्या संदर्भात जागची हलत नाहीत. इंजिन चौकटीला आवळल्यामुळं चौकटही थोडी ताठ होते, हा वरचा नफा. लोखंड-अॅल्युमिनियम श्रेष्ठ आणि रबर बुळं, असा याचा अर्थ काढणं म्हणजे निदान चुकवणं. या गाडीत रबर नको तिथं बसलं आहे. साखळीच्या दोन टोकांच्या बरोबर मधोमध.

हे पटत नसेल त्यानं इंग्लंडच्या नॉर्टनकडे बघावं. १९६०च्या दशकात नॉर्टन अॅटलस या ७५० सीसीच्या मोटारसायकलचे हादरे कुप्रसिद्ध होते. तिचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जात आणि एकदमच खाली येत. बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी त्यावर जो तोडगा काढला तो १९६७मध्ये कमांडो या गाडीत आला. नाव आयसोलास्टिक. त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म हे तिन्ही एका घट्ट गठ्ठ्यात बांधले आणि तो अख्खा गठ्ठा रबरावर टांगला. साखळीची दोन्ही टोकं रबराच्या एकाच बाजूला आली. गठ्ठा कितीही थरथरला तरी साखळी सरळच राहणार, आणि स्वार रबराच्या पलीकडे सुखात. १९७३मध्ये पीटर विल्यम्सनं आइल ऑफ मॅनची फॉर्म्युला ७५० टीटी जिंकली ती याच पद्धतीनं इंजिन टांगलेल्या नॉर्टनवर. रबर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, असं म्हणणाऱ्यांनी त्या बेटावरच्या रस्त्यांची ख्याती आठवावी. अर्थात आयसोलास्टिकलाही देखभाल लागायची. रबराच्या बाजूची फट झिजून वाढली की मागचं चाक आपल्या मनानं वळायला लागे, आणि पातळ चकत्या घालून ती फट पुन्हा बसवावी लागे.

आपल्या घराघरांतल्या जुन्या बजाज चेतकनंही हेच केलं होतं, फक्त कुणी त्याचं कौतुक केलं नाही. चेतकचं इंजिन आणि मागचं चाक एकाच सांगाड्यावर, मध्ये साखळी नाहीच, आणि तो सांगाडा चौकटीला रबरी बुशांवर टांगलेला. रबर झिजलं की स्कूटर मागून डुलायला लागे. मेकॅनिक खाली वाकून, चाक हलवून बघे आणि बुश बदलायला सांगे.

रबर चुकीच्या जागी असेल, किंवा एकटंच असेल, तर काय होतं याचा सगळ्यांत मोठा धडा अमेरिकी मोटारउद्योगाला डिसेंबर १९७१मध्ये मिळाला. जनरल मोटर्सनं सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण एकच, इंजिनाखालचं रबरी माउंटिंग. त्यातलं रबर धातूपासून सुटलं की जोर लावताच इंजिन एका बाजूनं उचललं जायचं आणि अॅक्सिलरेटरचा दांडा ओढला जाऊन गाडी आपणहून वेग घ्यायची. कंपनीनं यावर रबर काढून लोखंड घातलं नाही. इंजिन ठरावीक उंचीच्या वर उचललं जाऊ नये म्हणून एक आवर घालणारी तार जोडली. ड्रॅग शर्यतवाले तर स्वस्तातला उपाय आधीपासूनच करत होते, इंजिनाला साखळदंडानं चौकटीशी जखडायचं.

या सगळ्याच्या चाळीस वर्षं आधी याच अमेरिकेत रबराचा जयजयकार झाला होता. १९३१मध्ये क्रायस्लरनं प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. पुढचा आधार उंच, मागचा खाली, आणि त्यांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाणारी. त्यामुळं इंजिन स्वतःच्या नैसर्गिक अक्षाभोवती डुलायचं आणि चार सिलिंडरची स्वस्त गाडी महागड्या गाडीसारखी शांत वाटायची. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएननं परवाना घेऊन तेच आपल्या गाड्यांत बसवलं आणि जाहिरातीला पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह घेतलं. तेव्हाचं यश रबरापेक्षा त्या रेषेचं जास्त होतं. जाहिरातीत मात्र हंस आला, रेषा कुणाला दिसली नाही.

आता ठोकळ्यांचं बिल. रबर काढलं म्हणून हादरा नाहीसा होत नाही. तो बोल्टमध्ये जातो, जोडांमध्ये जातो, स्वाराच्या मनगटात जातो. कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या इंधनाला फेस येतो; फेसात हवा असते, म्हणून इंजिनाला इंधन कमी मिळतं, आणि टू-स्ट्रोकला इंधन कमी पडणं म्हणजे पिस्टन भाजून निघणं. चौकटीच्या वेल्डिंगशेजारी केसासारखा तडा जातो आणि एक दिवस रुंदावतो. भोकं नीट जुळत नसताना बोल्ट दामटून आवळला तर इंजिनाचा अॅल्युमिनियमचा कान तुटतो. रबर असली तफावत मुकाट्यानं पोटात घालायचं. ठोकळा घालत नाही. ठोकळे विकणारे दुकानदार यातलं किती सांगतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

हाताला होणाऱ्या हादऱ्यांसाठी युरोपीय संघानं २००२मध्ये कामगारांपुरते नियम केले. त्यात मर्यादा मोजायची ती आठ तासांच्या दिवसावर. शर्यतवाल्याचा दिवस चार-चार सेकंदांच्या काही फेऱ्यांचा. त्याच्या मनगटाला ठोकळे परवडतात, कारण घड्याळ त्याच्या बाजूनं आहे. पण तीच गाडी घेऊन कुणी दुपारभर टेकड्या पालथ्या घालणार असेल तर संध्याकाळी त्याला चहाचा कप धरवणार नाही. ग्लॅमिसला येणाऱ्यांत खरे शर्यतवाले थोडे, फिरायला आलेले पुष्कळ. फिरणाऱ्यानं ठोकळे घालणं ही नक्कल आहे आणि ती महागात पडते. त्याला कडक पॉलियुरेथेनचे बुश पुरतात. थोडं दबतात, साखळी फारशी तिरकी होऊ देत नाहीत, आणि दातही शाबूत राहतात.

शर्यतवाल्यानंही काम अर्धवट सोडू नये. इंजिनाखालचं रबर काढलं तर ते दुसरीकडे घालावं. हँडलच्या बुडाशी, पायाखाली, रेडिएटरच्या टेकूला, इग्निशनच्या डबीखाली, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या जोडात. या सगळ्या ठिकाणी रबर कितीही दबलं तरी साखळीला त्याचा पत्ता लागत नाही. इंजिन आवळून टाकायचं आणि बाकीचं नशिबावर सोडायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे फक्त परदेशी वाळूचं प्रकरण आहे असंही नाही. अॅपलनं सप्टेंबर २०२१मध्ये आपल्या ग्राहकांना सावध केलं होतं की मोठ्या मोटारसायकलींच्या हँडलवर आयफोन थेट बसवला तर इंजिनाच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मोपेड-स्कूटरसारख्या छोट्या इंजिनाच्या गाडीवर बसवायचा तरी मध्ये हादरा शोषणारा जोड घालावा. बुलेटवर मॅप लावून ताम्हिणी घाट चढणाऱ्या मंडळींना हे सांगावं लागणार नाही. बुलेटचं इंजिन चौकटीचाच एक भाग म्हणून घट्ट बांधलेलं. त्या धडधडीवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम झालं, तरी २०२०मध्ये मीटिऑर ३५० काढताना रॉयल एनफिल्डनं इंजिनाच्या आत बॅलन्सर शाफ्ट घातलाच. हादरा जन्मतो तिथंच त्याला गाठायचं, हा रबर आणि ठोकळा या दोघांनाही वळसा घालणारा रस्ता. बॅन्शीच्या जुन्या इंजिनात त्याची सोय नाही, म्हणून तिच्या मालकांना अजून भांडावं लागतं.

पोर्शनं हे भांडण वेगळ्याच तऱ्हेनं मिटवलं. २००९च्या ९११ जीटी३ गाडीसाठी त्यांनी असं माउंटिंग दिलं की ज्याच्या आतला द्रव चुंबकीय क्षेत्रात घट्ट होतो. गाडी शांत चालली की माउंटिंग मऊ, जोर लावला की कडक. वाळूवर लोळणाऱ्या क्वाडला हे परवडणार नाही, पण दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं एवढं त्यातून दिसतं.

महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध येतो तो इंदूरजवळच्या पिथमपूरला. २००७पासून तिथं बाहा एसएईइंडियाची स्पर्धा भरते. अभियांत्रिकीची मुलं स्वतः एटीव्ही बनवून आणतात आणि त्यांत पुण्यामुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंतची कॉलेजं असतात. पेट्रोल गाड्यांच्या गटात सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन मिळतं. त्यापुढं पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आणि मग गिअरबॉक्स. एक सिलिंडर, म्हणजे हादरे भरपूर. इंजिन रबरावर ठेवावं तर ते गिअरबॉक्सपासून जवळ-लांब होतं, पट्टा कधी ताणतो, कधी घसरतो. आवळावं तर चार तासांच्या खडतर फेरीत चौकटीचे जोड आणि चालवणाऱ्याची कंबर दोन्ही बोलायला लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच जाड पत्र्यावर आवळून तो अख्खा पत्रा रबरावर बसवायचा, हे उत्तर नॉर्टनच्या पुस्तकातलंच आहे. वजन थोडं वाढतं. ते वाढू द्यावं. रेसिंग म्हणजे सगळं कडक, अशी समजूत डोक्यात घेऊन वीस वर्षांची मुलं कारखान्यात जाणार असतील, तर तो तोटा एखाद्या स्पर्धेतल्या नंबरापेक्षा मोठा आहे.

वाळूवरच्या जाणत्यांना ठोकळ्यांची किंमत बरोबर ठाऊक असते. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जिंकलेल्या स्वाराचे मित्र जल्लोष करत असतात आणि गाडीपाशी एखादा माणूस टॉर्च घेऊन उकिडवा बसलेला असतो. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चौकटीवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ त्यानं सकाळीच ओढून ठेवलेली असते. तो एकेक रेघ बघत जातो. बोल्ट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते; मग पाना लागतो, पुन्हा आवळणं होतं, जुना रंग पुसून नवी रेघ ओढली जाते. तोवर पुढच्या फेरीचा पुकारा झालेला असतो.